मुदतीनंतरची रेघ

कतारातल्या साऱ्या दोहा शहरात वेळेचे पावित्र्य जाणणारा मनुष्य मी एकच पाहिला, आणि तो ना पंचांगकर्ता होता ना घड्याळजी. अल मुंतझा वस्तीत आमच्या समोरच्या दारी मुलीकडे राहावयास आलेले ते रत्नागिरीचे निवृत्त शिंपी होते. सारे त्यांना चाचा म्हणत; मला ते शास्त्रीबुवा म्हणत. उतारवयात गावाकडे एका संस्थेने त्यांना एचआयव्हीची झटपट चाचणी शिकविली होती. बोटाचे थेंबभर रक्त, एक पट्टी आणि ठरल्या मिनिटांतच वाचावयाचा निकाल (एकच रेघ तर निर्धोक, दुसरीही उमटली तर रोगाची खूण), एवढीच ती विद्या; परंतु चाचांनी ती वेदपाठकाच्या निष्ठेने जपली. मुलीने शिजत्या डाळीवरचे झाकण उचलले, तरी ते गरजत, "मुदत झाली काय गो? नाही ना? मग बघायचं नाही!" गावच्या डॉक्टरांनी एकदा विचारले, "शिंप्याला रक्तातले काय कळते?" "सुईत दोरा ओवणाऱ्याला फिकी रेघ दिसते, साहेब," चाचा नम्रपणे उत्तरले. डॉक्टरांनी त्यांचे निकाल प्रयोगशाळेत पडताळून पाहिले, आणि पुढे ते चाचांना बसावयास खुर्ची देऊ लागले.

एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे बसलो असता बरवा अल बराहा या कामगार वस्तीत राहणारा, त्यांच्याच गावचा एक ड्रायव्हर धापा टाकीत आला. चाचांनी गावी केलेल्या त्याच्याच चाचणीची पट्टी या गृहस्थाने नजर चुकवून उचलली होती आणि शुभशकुन म्हणून पाकिटात घालून थेट दोह्यास आणली होती! तिच्यावर आता दुसरी रेघ उमटलेली, आणि राहण्याच्या परवान्यासाठीची सरकारी रक्ततपासणी रविवारी.

"खलास, चाचा! मी उद्याच परत जातो. पकडून परत पाठवतील त्यापेक्षा बरं."

"गाढवा, तो काय ताईत आहे पाकिटात ठेवायला? मुदतीनंतरची रेघ म्हणजे नुसता डाग. वेळेत मी वाचलं, संस्थेच्या बाईंनी स्वतंत्रपणे वाचलं. काही नव्हतं."

"आणि तुम्ही दोघं चुकला असाल तर?"

"तर तपासणीत कळेल. औषधं आहेत आता, माणूस जगतो. पळालास तर मात्र जन्मभर भीत राहशील."

तो दोह्यातच राहिला. निकाल येईपर्यंत चाचांचे जेवण निम्म्यावर आले आणि नमाज लांबले. अखेर फोन आला, "पास झालो, चाचा! शुक्रन!" पलीकडचा आनंद मलाही ऐकू आला.

मी म्हणालो, "तुमचे वाचन खरे ठरले. आता तरी हसा."

चाचा हसले, आणि मग खिडकीकडे वळले.

"शास्त्रीबुवा, गावाकडं कितीतरी जणांची दुसरी रेघ वेळेतच उमटली. एखाद्याच्या बाबतीत तरी माझं वाचन चुकू दे, म्हणून मी दुआ मागायचो. कधी चुकलं नाही."