डिस्कवर धावणाऱ्या आजी

ती घटना आठवली की आधी डोळ्यांसमोर येतात त्या मालवणी आजी, हातात काठी आणि तोंडाचा पट्टा सुरू. तेव्हा मी पश्चिम उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

मालाडच्या एका सोसायटीतून फिर्याद आली. पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या कपाटातून सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. त्या दुपारी पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा तरुण घरी येऊन गेला होता. गेटवरच्या कॅमेऱ्याची फाइल आमच्या संगणकावर उघडेना, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी हवा तेवढा तुकडा एका दुकानातून डिस्कवर उतरवून घेऊन आले.

"साहेब, तुम्हीच बघा. कसा पळतोय!"

तो खरोखरच पिशवी सावरत गेटबाहेर पळत होता.

त्याला ठाण्यात बोलावलं. खोटं बोलणारा माणूस सहसा तपशील वाढवत जातो. हा एकाच वाक्यावर अडून बसला.

"साहेब, मी चालत गेलो. पळायचं कशाला?"

"मग हा कोण, तुझा जुळा भाऊ?"

तो हळूच म्हणाला, "लोकांच्या घरात शिरायचं काम आहे माझं, साहेब. कंपनी पोलीस पडताळणी मागते. एकदा अटक लागली ना, मला कुठलं दार उघडणार?"

वाईट वाटलं, पण डिस्क समोर होती. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायचं मी ठरवलं.

त्याआधी एक जबाब बाकी होता. तो तरुण बाहेर पडला त्याच वेळी तळमजल्यावरच्या आजी गेटमधून आत येत होत्या. त्या ठाण्यात आल्या, ठाणे अंमलदाराकडून पाणी मागून घेतलं, पंखा वाढवायला लावला आणि मग टीव्हीसमोर बसल्या. डिस्क सुरू झाली. तरुण पळत बाहेर गेला आणि त्याच्या बाजूने आजी काठी टेकत तुरुतुरु आत आल्या.

"अरे देवा! ही मी?" आजी ओरडल्या. "साहेबानू, माका वाण्याकडे जावक अर्धो तास लागता. आणि हंय बघा, कशी धावतंय!"

आमची महिला हवालदार खो खो हसत सुटली. मी मात्र खुर्चीतून उठलोच. ती डिस्क आम्ही सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली होती, पण नजर त्या एकट्यावर. शेजारून जाणाऱ्या म्हातारीकडे कोण बघतो?

डिस्क बनवणारा दुकानदार लग्नाचं शूटिंग करायचा. त्याने सरळ सांगून टाकलं. "साहेब, सोसायटीचा रेकॉर्डर जागा वाचवायला सेकंदाला दहा-बाराच चित्रं ठेवतो. डिस्कला पंचवीस लागतात. कोडेक बदलताना माझ्या सॉफ्टवेअरने तीच चित्रं भराभर लावून टाकली. टीव्हीचा पडदा भरावा म्हणून मी कडा कापल्या, त्यात कोपऱ्यातलं घड्याळही गेलं. लग्नात सगळे नाचतच असतात, तिथे वेग कोण बघतंय?"

कोडेक म्हणजे चित्रण दाबून लहान करायची पद्धत, हे मला त्या दिवशी कळलं. पंचनामा करून रेकॉर्डरच ताब्यात घेतला आणि तज्ज्ञाकडून मूळ वेगाने, घड्याळासकट सगळं चित्रण पाहिलं. आमचा तरुण रमतगमत गेला होता, डिस्कवर कापल्या गेलेल्या कडेला तो आजींसाठी गेट धरूनसुद्धा उभा राहिला होता. तो गेल्यावर फिर्यादी बाईंचा भाचा गेटमधून आत आला आणि थोड्या वेळाने वॉचमनला हात करत आरामात बाहेर पडला. घरचाच म्हणून बाईंनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. चौकशीत तो फार वेळ टिकला नाही. पाटल्या एका सराफाकडून जप्त झाल्या.

पुरावा हाती आला की तो कुणाकुणाच्या हातातून आला हे आधी विचारायचं, हे मी तिथे शिकलो. पुढच्या नोकरीत ते फार उपयोगी पडलं. आजी आता नाहीत. त्यांचे उपकार मात्र मी विसरलेलो नाही. त्या संध्याकाळी एका निरपराध माणसाच्या नावापुढे माझ्या सहीने अटक लागली असती.

तो तरुण आता बोरिवलीला राहतो. आमच्या फिल्टरसाठी मी दुसऱ्या कोणाला बोलावत नाही. परवा तो आला तेव्हा मी आणि बायको भाजीला निघालो होतो.

"साहेब, मग मी नंतर येतो," तो म्हणाला.

"कशाला? तू तुझं काम कर," बायको म्हणाली. "आम्हाला उशीर झाला तर किल्ली शेजारी दे."

आम्ही त्याला घरात ठेवून जिना उतरलो.