कडक भाजलेला फ्लक्स

आमचे वेल्डर हसनभाई यांनी छिन्नी मारून टाकीचा जोड उघडला. आत पाव फोडल्यावर दिसते तशी जाळी होती. ही टाकी एका केमिकल कारखान्याची होती आणि परवा त्यांचा इन्स्पेक्टर पिंपरीला आमच्याकडे येणार होता.

"याचं आता कामात लक्ष राहिलेलं नाही," आमचे वर्क्स मॅनेजर गोखले मला म्हणाले. "हसनला घरी पाठवा."

"साहेब, मशीन आपोआप चालतं. माझा हात लागतो कुठे?" हसनभाई म्हणाले.

"मग पगार मशीनलाच देऊ."

वेल्डिंग खातं माझ्याकडे होतं. मी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस वेल्डिंगचं हे मशीन आमच्याकडे नवं होतं. यात वायर वितळते ती फ्लक्सच्या थराखाली. आमचा फ्लक्स म्हणजे खडू, मँगनीज वगैरेंची पूड वॉटरग्लास नावाच्या चिकट द्रवात मळून केलेले दाणे. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये, हे त्याचं काम. दाणे ओले असले की वाफेचा वायू जोडात अडकतो आणि भोकं पडतात. म्हणून पावसाळ्यात फ्लक्स वाळवूनच वापरायचा.

मी वायर बदलली. करंट तपासला. प्लेटा घासून घेतल्या. भोकं पडतच राहिली. उरला फ्लक्स. तो धोंडिबा वाळवायचा. तो भट्टीवरचा, खेडकडचा.

"फ्लक्स नीट वाळवलास ना?"

"वाळवला? भाजलाय म्हना! मोठं सायेब, गोखले सायेब बोललं, पावसाळा हाय, कडक भाजा. मंग ट्रे थेट प्लेटांच्या भट्टीत सारला."

त्या भट्टीत आम्ही प्लेटा वाकवण्यासाठी लालबुंद करायचो.

"दाणे चिकटले असतील."

"व्हय, ढेकळंच झालती. घनानं फोडली की."

इथे उलगडा झाला. बेताच्या आचेवर दाण्यांतलं फक्त पाणी जातं. लाल आचेवर दाणाच बदलतो. वॉटरग्लास वितळून ढेकळं होतात. मँगनीज काही अंशी जळतं. खडूतला वायू निघून जातो आणि मागे उरते चुनकळी. ती हवेतला ओलावा ओढून घेते. सकाळी भट्टीतून कोरडा निघालेला फ्लक्स दुपारपर्यंत पुन्हा ओला होत होता.

गोखल्यांच्या टेबलावर मी दोन वाट्या ठेवल्या. एकीत नव्या गोणीतला फ्लक्स, दुसरीत भट्टीतून नुकताच काढून गार केलेला. दोन्हींवर थोडं पाणी ओतलं. पहिली वाटी गारच राहिली.

"आता दुसरीला हात लावा, साहेब."

गोखल्यांनी लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, हा तर चुना!"

"पानाला लावू नका, साहेब," दारातून हसनभाई म्हणाले. गोखले हसले नाहीत, पण घरी पाठवायची गोष्टही पुन्हा काढली नाही.

आम्ही नव्या गोणीतला फ्लक्स वेल्डिंगच्या कांड्या वाळवायच्या ओव्हनमध्ये बेताने तापवला. खराब जोड पूर्ण कोरून काढला आणि हसनभाईंनी तो पुन्हा भरला. इन्स्पेक्टरसमोर टाकीत पाणी भरून प्रेशर चढवलं. त्याने जोडावरून कोरडं फडकं फिरवलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि टाकी पास केली. पुढच्या टाकीचं काम गोखल्यांनी हसनभाईंनाच दिलं.

पाणी घालवायला लागते तेवढीच आच द्यावी. त्यापुढे आपण वस्तू वाळवत नसतो, दुसरीच वस्तू बनवत असतो. आणि माणसाला काढण्याआधी पावडर तपासावी. तिला राग येत नाही.