पूजेआधीची गोळी

मैत्रिणींनो, आपल्या महिला मंडळाची फिरती वही आजच भिंगारला माझ्याकडे आली, बरं झालं.

मनाच्या आजाराची माझी गोळी डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. पण श्रावणभर अंगात त्राण नव्हतं, सारखं रडू यायचं. सकाळी त्यांना म्हटलं, "पूर्वीइतक्याच गोळ्या द्या."

"थायरॉईडची घेता ना, उपाशीपोटी?"

"श्रावणात पूजेआधी तोंडात काही घालत नाही मी. पूजेनंतर लगेच प्रसाद-फराळ, मग ती राहूनच जाते."

"मग हा थकवा, हे रडू थायरॉईडचंच असेल. आधी ती सुरू करा! दुसरी सध्या आहे तेवढीच."

घरी सासूबाईंना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "आगं, मी रोज मिसरी लावूनच पूजेला बसते. तुझ्या गोळीनंच देव बाटतोय व्हय?"

औषध चुकवणाऱ्या आणखी कोण आहात? खाली लिहा. मी लाजले नाही, तुम्हीही लाजू नका.