ते वाक्य मला सुचलं नव्हतं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि जिच्यामुळे हे सगळं पुन्हा वर आलं त्या पुतणीजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधीच सांगतो, मी दुःखीकष्टी माणूस नाही. घाटंजीजवळ आमचं वावर आहे. यंदा कापसाची पऱ्हाटी चांगली फुटली, तूरही बरी आहे. साठी उलटली तरी गुडघे साथ देतात. आणि गेल्या वर्षापासून तर मी पिक्चरमधला माणूस झालोय! बाजारात पोरं मला पाहून ओरडतात, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

माझी पुतणी मुक्ता पुण्यात सिनेमा शिकली. तिनं ठरवलं, ते इंग्रजी घोडेवाल्यांचे पिक्चर असतात ना — धूळ, मोठ्या टोप्या, पिस्तुलं — तसा एक आपल्या वऱ्हाडीत करायचा. अफाट कापूसमळ्याचा एक जुलमी मालक, त्याच्या जाचाखालचे मजूर, आणि डोंगरापलीकडून घोड्यावर येऊन त्यांना सोडवणारा एक अनोळखी गडी. गडी तिच्या कॉलेजातला मित्र झाला. मालक कोण?

"मोठेबाबा, तुमीच," ती म्हणाली. "तुमचा आवाजच तसा हाय."

मी खूप हसलो. घरातले सगळेच हसले. घोडा वरातीतला आणला होता. लांब कुठं ताशा वाजला तरी तो नाचायला लागायचा आणि जुलमी मालक त्याच्यावर बसून हिंदकळायचा. मजेत दिवस गेले. शूटिंग पांढरकवडा रोडवरच्या एका ओळखीच्याच्या वावरात होतं. वेचणीच्या देखाव्यासाठी मुक्तानं आजूबाजूच्या गावांतल्या बाया गोळा केल्या होत्या. त्यांच्या रांगेकडे मी पाहिलंसुद्धा नाही. बायांच्या रांगेकडे मालक कधी पाहतो? तो कापसाकडे पाहतो.

देखावा असा होता — एक मजूरबाई म्हणते, "मालक, लेकरू रडून राह्यलं, पाजून येतो." आणि मी तिला हाकलायचं. मुक्तानं लिहिलेलं वाक्य फार पुस्तकी होतं, माझ्या तोंडात बसेना. ती वैतागून म्हणाली, "तुमच्या मनानं बोला काहीतरी. ऐकून लोकायले तुमचा राग आला पाह्यजे."

मी घोड्यावरून वाकलो आणि म्हणालो, "हे वावर हाय, बाळंतखोली नोय."

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुक्ता धावत आली — "मोठेबाबा, कुठून सुचलं हो हे?"

"सुचलं असंच," मी म्हणालो.

सुचलं नव्हतं. कसं सांगू? — ते वाक्य मी आधी एकदा बोललो होतो. आमच्याच वावरात, घोड्याशिवाय, टोपीशिवाय. मुक्ता तेव्हा शाळेतही जात नव्हती. वेचणीला यमुना नावाची एक बाई यायची. तिची तान्ही पोर निंबाच्या फांदीला झोळी बांधून निजवलेली असायची. ती रडली की यमुना ओळ सोडून जायची. त्या दिवशी माझं डोकं तापलेलं होतं. कशानं, ते आता आठवतही नाही, म्हणजे मोठं काही नसणारच. मी झोळी सोडली. पोर तशीच उचलून सावलीतून धुऱ्यावर, बांधावरच्या भर उन्हात नेऊन ठेवली. आणि यमुनाला ते वाक्य बोललो. मोठ्यानं, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं.

तिनं ओटीतला कापूस तिथंच सोडला, पोर उचलली आणि चालू लागली. पुन्हा आमच्या वावरात आली नाही.

इथंच थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही थांबलो. घरी येऊन सांगितलं, ती कामचुकार आहे, अर्ध्यातून पळाली. पारावरही तेच सांगितलं. त्या हंगामात आमच्या गावात तिला कोणी कामाला बोलावलं नाही. पोरीला घेऊन ती पार झरीकडे बहिणीच्या गावी गेली, असं कानावर आलं. मी चहा पीत ऐकलं.

आणि आता शूटिंगच्या त्या रांगेत ती होती. माझं वाक्य ऐकून ती ताठ उभी राहिली. हातातलं बोंड हातातच राहिलं. सरळ माझ्याकडे पाहत राहिली. कॅमेऱ्यानं ते टिपलं. मुक्तानं पिक्चरमध्ये ते तसंच ठेवलं. लोक म्हणतात, त्या बाईनं काय काम केलंय!

चहाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मालक, आठवते तं तुमाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. विचारणंही नव्हतं फारसं. एक 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? आजूबाजूला कोणी नव्हतं, कोणी ऐकलं नसतं. मी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणालो, "काय आठवते? कोण व तू?"

"कोणी नाही," म्हणाली आणि बायांमध्ये जाऊन बसली.

पुढे घाटंजीत पडदा लावून पिक्चर दाखवला. यमुना आली होती, सोबत मुलगी होती, तीच झोळीतली — यवतमाळला नर्सिंग शिकते, उंच, हसरी. माझ्यासोबत फोटो काढायचा म्हणून तीच धावत आली. "काका, तुमचा असा राग आला ना मले!" म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. आईनं सांगितलं नसावं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटोत मी छान हसतोय.

जेवण गोड लागतं मला. झोपही लागते. मुक्ता दुसरा भाग काढणार आहे आणि मालक मीच आहे.

पण त्या दिवशी चहाच्या सुट्टीत यमुना माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिनं तोंड उघडायच्या आधीच मी तिला ओळखलं होतं.