न कळवता जायचं नाही

"न कलवता कसा येनार व्हतू मी? तूच सांगलं व्हतंस ना मना?"

ओट्यावर बसलेला नाथा मुलाला विचारत होता. दौलत पुढ्यात उभा. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पोस्टकार्ड. आईची राख सावडून दोघं नुकतेच घरी आले होते.

"बाबा, आई मरणाला टेकलेली, आणि तुम्ही कार्ड टाकलंत? कोलशेतहून नौपाडा किती लांब? दोन कोस!"

"दोनच कोस. ठावं हाय मना."

नाथा मिठागरातला माणूस. आमच्याकडं दाराला कडी नसते, हाक असते. दौलत शिकला, ठाण्यात एका कचेरीत कारकून झाला, नौपाड्यात खोली घेऊन राहू लागला. साल एकावन्न. नाथा पहिल्यांदा त्याच्याकडं गेला तो सोड्यांची पुरचुंडी काखेत मारून, जिन्यातूनच ओरडत, "दौल्या! हायस कं रं?" आत कचेरीतले त्र्यंबकराव चहाला आलेले. नाथा सरळ चुलीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि त्यांनाच विचारू लागला, "जेवलास कं बाबा?" त्र्यंबकराव हसले. दौलत हसला नाही.

पाहुणा गेल्यावर त्यानं बापाला समजावलं. रागानं नव्हे, लहान पोराला शिकवावं तसं. शिकल्यासवरल्या घरी न कळवता जात नाहीत. आधी कार्ड टाकायचं, उत्तर आलं की निघायचं. दार वाजवायचं. या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

नाथाला त्याचं वाईट वाटलं नाही. पोऱ्याची अब्रू आपल्या हातान हाय, एवढंच त्याला कळलं. तो गावातही सराव करू लागला. शेजारच्या भिवाच्या दाराशी उभं राहून खाकरायचा.

"कोन हाय? तलाठी कं?"

"मी हाय, नाथा. आत येऊ कं?"

"ये की मेल्या! तुना काय वाजंत्री लावून आनू?"

तुळसा, त्याची बायको, खो खो हसायची. म्हणायची, "उद्या माझे चुलीपाशी येयाला बी कार्ड टाकशील."

त्यानंतरच्या माघात तिला ताप भरला. बाळकुमचा वैद्य काढे देऊन गेला, ताप उतरेना. सोमवारी ती म्हणाली, "दौल्याला बोलव."

नाथानं मास्तरांकडून कार्ड लिहवून घेतलं. मास्तर म्हणाले, "अरे, चालत जा ना." नाथा म्हणाला, "तसं बरं दिसत नाय." मजकूर त्यानं स्वतः सांगितला: 'तुझ्या आईस बरे नाही. आम्ही तुला घ्यायला आलो तर चालेल काय? तुझ्या सोयीने कळवावे.'

मंगळवार गेला. बुधवारी तुळसाची नजर दारावरून हलेना.

"आला कं?"

"कार्ड टाकलंय."

"तू जा ना चालत."

"न कलवता गेलू तं चार लोकांन त्याचा कमीपना व्हतो. उद्या उत्तर येल."

रात्री ती पुन्हा म्हणाली, "जा ना." बेस्तरवारी दुपारी गेली. मरणाची खबर कार्डानं धाडत नाहीत, एवढं गावाला ठाऊक होतं. भिवा धावत ठाण्याला गेला, दार न वाजवता कचेरीत घुसला आणि दौलतला ओढून घेऊन आला. दौलत पोचला तेव्हा तुळसाला अंगणात आणलेलं होतं. कार्ड त्याच्या खोलीवर पडलं शुक्रवारी; सदरा बदलायला तो गेला तेव्हा हाती आलं.

आज शनिवार. दौलतनं ते कार्ड पुन्हा वाचलं. 'सोयीने' या शब्दावर त्यानं बोट ठेवलं. मग इस्त्रीच्या सदऱ्यासकट तो मातीतच बसला.

"बाबा, मी असं नव्हतं रं सांगलं. असं नव्हतं सांगलं."

"असंच सांगलं व्हतंस," नाथा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुझं चुकलं नाय. मनाच कललं नाय, कवा आयकावं न् कवा नाय. ती दोनदा बोलली, जा म्हनून. दोनदा."

दौलत हुंदके देत राहिला. नाथानं त्याच्या पाठीवर हात ठेवावा तर तेही शिष्टाचारात बसतं का, हे त्याला उमगेना. हात तसाच अधांतरी राहिला, मग गुडघ्यावर आला.

बांधावरून भिवानं गड्यांना हाक मारली. कोंडीत, मिठाच्या वाफ्यात, मीठ धरलं होतं; आज ओढलं नाही तर उन्हानं पाणी आटून कडू होईल.

"आज रं कसा येशील तू? सुतक हाय तुझं," नाथा सावरून बसला तसा भिवा म्हणाला.

"मीठ सुतक पालत नाय."

नाथा उठला. मुंडासं बांधलं, मीठ ओढायची फळी खांद्यावर टाकली आणि खारीकडं निघाला. कोंडीत उतरून त्यानं पहिली ओढ घेतली, मग दुसरी.