सोयरिकीला गेलेली चकती

गिअरबॉक्सच्या लाल तेलाचा वास आला की मला लोहाऱ्यातल्या आमच्या गॅरेजमधली ती दुपार आठवते. एका ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स आम्ही पुन्हा जोडत होतो. त्यात आतली फट मोजून नेमक्या जाडीची चकती निवडावी लागते. पातळ पडली तर गाडी धक्के देते, जाड झाली तर क्लच जळतो. माझ्या भागीदाराने सकाळभर मायक्रोमीटर फिरवून डब्यातली एकुलती एक जुळणारी चकती शोधली, तेलात बुडवली आणि बाकावर ठेवली. आम्ही जेवून येतो तर चकती गायब! शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं, गाडीचे मालक येऊन घटकाभर बाकावर बसले होते. तिथून ते मुलासाठी मुलगी पाहायला गेले होते, पांढऱ्याशुभ्र पँटीत. भागीदाराने कपाळावर हात मारून त्यांना फोन लावला. "काकाजी, उठून मांगं पाहा बरं, काही चिकटलं काय?" "अबे, पोह्याची बशी हातात हाये माह्या!" मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बायकांचं हसू. थोड्या वेळाने मुलीचे वडील स्वतः मोटारसायकलवर आले आणि रुमालात गुंडाळलेली चकती पुढे करून म्हणाले, "सोयरीक पक्की झाली. आता आमची पोरगी याच गाडीत फिरन, नीट बसवजा!" आम्ही ती पुसून पुन्हा मोजली, मगच बसवली. अजूनही गिऱ्हाईक बाकावरून उठलं की माझी नजर आधी त्याच्या मागे जाते, आणि ते बिचारं चपापून पँट चाचपतं.