काळ्या पडद्याआडच्या दोन रेषा

“तुम्ही पडद्याआडच थांबा, बाई. तुमच्या लोकांचा हात यंत्रावर चांगला बसतो. बोलायचं आम्ही बघू.”

बारामतीच्या कॉलेजात आमचे विभागप्रमुख पाहुण्यांसमोर हे म्हणाले. पाहुणे हसले. मी आत गेले. मी प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला सहा महिने उरलेली. बाळांनो, तुमची आजी फिजिक्सची एम.एस्सी. आहे, हे तिथे कुणाला आठवत नसे.

आत अंधार. काळा पडदा, बंद दार, दारावर लाल दिवा. लेसर चालू असेपर्यंत दार उघडायचं नाही. दोन वर्षं मी तिथेच काढली. माती दाबून केलेली वडी यंत्रात ठेवायची. लेसर टक्‌कन आदळतो, ठिणगी उडते, तिचा प्रकाश रेषांमध्ये फुटतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. पण आमच्याकडे शेजारच्या दोन रेषा मिसळून एकच जाड पट्टा दिसायचा. प्रमुख म्हणायचे, यंत्रच जुनं. मी प्रकाश यंत्रात शिरण्याची फट केसाएवढी केली. ठिणगीचा पहिला लखलखाट जाऊ दिला, मग नोंद घेतली. उजेड कमी पडला, म्हणून शेकडो ठिणग्यांच्या नोंदी एकत्र केल्या. रेषा सुट्या झाल्या.

या कामावर शोधलेख छापून आला. त्यावर नाव फक्त प्रमुखांचं.

त्या दिवशी पडद्यापलीकडून माझं काम मी त्यांच्या तोंडून ऐकत होते. लेसर चालू, म्हणून बाहेर पडायला वाट नव्हती. तेवढ्यात हुकूम आला, “बाई, फट मोठी करा. पाहुण्यांना मॉनिटरवर जरा झगझगीत दिसू दे.”

फट मोठी केली की रेषा पुन्हा मिसळणार, हे कळत होतं. तरी केली. सवयच तशी.

शेळगावचे एक आबा त्यांच्या क्षारपड रानातली माती घेऊन आले होते; तिच्या नोंदीचा छापील कागद त्यांना सकाळीच मिळाला होता. तेच बोलले. “सायेब, सकाळच्या कागदावर हितं दोन रेघा व्हत्या. आता एकच कशी?”

“बाईंनी काहीतरी बिघडवलं असेल,” प्रमुख म्हणाले.

मी लेसर बंद केला. लाल दिवा विझला. माझ्या नोंदींची वही घेऊन बाहेर आले.

“आबा, फट साहेबांनी मोठी करायला लावली. रेषा मी वेगळ्या केल्या होत्या. कशा, ते दाखवते.”

“मग इतका येळ तुमाला आत कशापायी कोंडलं व्हतं?”

कुणी हसलं नाही.

“आत जा,” प्रमुख दबक्या आवाजात म्हणाले.

मी गेले नाही. सगळं उभ्याने समजावून सांगितलं.

पुढे मी कॉलेजकडे तक्रार लिहिली, वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. निवृत्त झाले. मग प्रमुखांचा निरोप आला, लेखाच्या शेवटी आभारात नाव घालतो. मी नाही म्हणाले. लेखकांच्या ओळीत नाव घाला, नाहीतर लेख मागे घ्या. दर सोमवारी मी कॉलेजच्या कार्यालयासमोरच्या बाकावर जाऊन बसते. मूळ वही माझ्याकडे आहे. ती मी कुणाला देणार नाही. उद्या सोमवार आहे.